भरवशाची गारी

भिवंडीजवळच्या काल्हेरच्या आगरी बोलीत 'ड' फार वेळ टिकत नाही, त्याचा 'र' होतो. घोड्याचा घोरा, गाडीची गारी. बारा वर्षांपूर्वी ठाण्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही इथे स्वतःच्या घरात आलो तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, 'ठाण्याला अगदी लागून'. खोटं नव्हतं. ठाणं लागूनच आहे. मधे फक्त कशेळीचा पूल आहे आणि त्या पुलावर उभे असलेले कंटेनर.

आमच्या इमारतीखालच्या किराणा दुकानाच्या पायरीवर गावातले एक म्हातारे गृहस्थ सकाळी पेपर वाचत बसतात. सगळे त्यांना बाबा म्हणतात. २०२५च्या पावसाळ्यात एकदा त्यांनी पेपर खाली ठेवला, माझी पंधरा वर्षांची छोटी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, गारी घ्या आता. आन घ्याल त मोठी घ्या."

मी मास्तर नाही. एका गोदामात हिशेब लिहितो. पण चष्मा, छत्री आणि कापडी पिशवी एकत्र दिसली की काल्हेरात माणसाला मास्तर म्हणतात. ते मी कधीच मान्य करून टाकलं आहे. मोठ्या गाडीचं मात्र मान्य करायला वेळ लागला.

बाबांना मोठी गाडी नवीन नाही. त्यांच्या पिढीने इथे भातशेती पाहिली, खाडीतली रेती पाहिली, मग शेतांवर उगवलेली गोदामं पाहिली आणि आता रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब पाहतायत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये कल्याणला झालं, तेव्हापासून खांब हे इथलं मुख्य झाड आहे. या सगळ्या बदलांच्या बरोबरीने गावातल्या बंगल्यांपुढच्या गाड्याही वाढत गेल्या. वाढत म्हणजे संख्येने नाही, उंचीने. पांढऱ्याशुभ्र, छातीइतक्या उंच बॉनेटच्या, मागच्या काचेवर 'आई एकवीरा'. हळदीच्या दिवशी त्यांना झेंडूच्या माळा घातल्या की नवरदेव कोण आणि गाडी कोण, हे क्षणभर कळत नाही.

घरी येऊन बाबांचं म्हणणं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, ते परके असून त्यांना कळतं." चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर काढली, ही आमच्याकडे दुर्मीळ घटना आहे. कन्येने रंग ठरवला. आणि आई म्हणाली, "गावाला जायला बरी पडेल." आमचं गाव मुरबाडच्या पुढे. डांबरी रस्ता संपल्यावर शेवटचे तीन किलोमीटर पावसाळ्यात रस्ता आणि ओढा यांच्यात वाद असतो आणि बहुतेक वेळा ओढा जिंकतो. त्या तीन किलोमीटरांत आमच्या छोट्या गाडीचं पोट प्रत्येक दगडाला भेटून पुढे जातं. तेव्हा ठरलं. घ्यायची ती एसयूव्हीच आणि घ्यायची ती भरवशाचीच.

आता एसयूव्ही म्हणजे काय? हिशेबनीस असल्याने मी आधी कराच्या कागदात पाहिलं. डिसेंबर २०२२मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केलं होतं, की लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं, जमिनीपासून उंची किमान १७० मिलिमीटर आणि शिवाय लोक जिला एसयूव्ही म्हणून ओळखतात ती. ही शेवटची अट मला फार आवडली. कायद्याने एवढं मोजून-मापून झाल्यावर शेवटी चौकात जाऊन लोकांना विचारावं, हा केवढा मनाचा मोठेपणा! जुलै २०२३मध्ये तो मोठेपणा संपला आणि ठरलं, की नाव काहीही असो, मापं तेवढी पाहायची. शिवाय ती १७० मिलिमीटर उंची मोजायची रिकाम्या गाडीची. आमच्या घरातले पाच जण, आईचं लोणच्याचं भांडं, तांदळाची अर्धी गोण आणि ऐनवेळी 'मीही येतो' म्हणणारे मेहुणे एवढं बसल्यावर ती गाडी कायद्याने एसयूव्ही राहते की नाही, याबद्दल कागद गप्प आहे.

कराचा हिशेब असा, की गाडी चार मीटरच्या आत बसली आणि इंजिन पेट्रोलचं १२०० किंवा डिझेलचं १५०० सीसीच्या आत राहिलं, तर कर पूर्वीपासूनच कमी. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०. म्हणून कंपन्यांनी मोठ्या गाडीला श्वास आत ओढायला लावून चार मीटरमध्ये उभं केलं आहे. समोरून पैलवान, मागून शाळकरी. आमच्यासारख्यांना तेवढाच पैलवान परवडतो. शिवाय इमारतीखालच्या दोन खांबांमधली माझी जागा मी टेपने मोजली आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं पार्किंग पाहून गाडी घ्यावी.

खरं तर मोठी गाडी आपल्याकडे काल आलेली नाही. स्वातंत्र्याच्या आगेमागेच महिंद्रांनी विलीजच्या जीपगाड्या इथे आणल्या. त्या माझगावला जोडल्या जात. पुढे कित्येक वर्षं गावात जीप आली म्हणजे एक तर साहेब आले, नाही तर निवडणूक आली. १९९४मध्ये टाटांची सुमो आली. तिचं नाव जपानी पैलवानावरून पडलं असं मी बरीच वर्षं समजत होतो. प्रत्यक्षात ते आपल्या सुमंत मूळगावकरांचं नाव आहे. सुमंतमधला 'सु' आणि मूळगावकरांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो' जोडून. पुण्याला टाटांच्या टेल्कोचा कारखाना ज्यांनी उभा केला, त्यांच्या नावाच्या गाडीतून निम्मा महाराष्ट्र शिर्डीला जाऊन आला आणि बहुतेकांना आपण कोणाच्या नावात बसलो आहोत, हे कळलं नाही. मग २००२मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ निघाली आणि जीप हे साहेबाचं वाहन न राहता भाऊ, दादा आणि शेठ यांचं झालं.

शिर्डीच्या त्या यात्रा आमच्याही घरात झाल्या. भाड्याची मोठी गाडी ठरवायची, दहा जणांच्या गाडीत तेरा जण बसायचे. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर आम्ही मुलं, मधे गुडघ्यांची गुंतागुंत, पायाखाली पाण्याचा कॅन. आवळासुपारी आणि रिकाम्या पिशव्या आत्याच्या ताब्यात. अशाच एका यात्रेत कसाऱ्याच्या घाटात आमची गाडी बंद पडली. कुठल्या कंपनीची होती ते सांगत नाही, तिचा आत्मा आता भंगारात शांत झाला आहे. रात्री दीड वाजता आम्ही तेरा जण घाटात. काकांनी बॉनेट उघडून आत टॉर्च मारला आणि डॉक्टरसारखी मान हलवली. आत्याने साईबाबांना नवस बोलला, तो इतका मोठा, की फेडायला पुन्हा गाडी करावी लागली. पहाटे एका ट्रकवाल्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून गाडी चालू करून दिली. ही गोष्ट आमच्या घरात गेली तीस वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर दहाव्यालाही सांगितली गेली आहे. दर वेळी टॉर्च थोडा मोठा होतो आणि घाट थोडा उंच.

तर भरवसा. या शब्दाशी आमच्या घराचं जुनं नातं आहे. माझे आजोबा बैल घ्यायला पौषात म्हशाच्या यात्रेला जात. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा गुरांच्या बाजारासाठी ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. एकदा लहानपणी मीही गेलो होतो. आजोबा बैलाचं तोंड उघडून दात मोजत, दोन दाती की चार दाती की जुळलेला. अंगावरचे भोवरे पाहत, खूर पाहत, चालवून पाहत. भाव ठरवताना दलाल रुमालाखाली हात धरून बोटं दाबत आणि चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा. पण त्याआधी आजोबा तासभर गायब होत. विकणाऱ्याच्या गावची माणसं शोधून त्यांना चहा पाजत. परत येऊन कधी म्हणत, "घेऊ." कधी नुसतंच म्हणत, "चला." चहा पाजताना ते काय विचारत, हे मी त्या वयात विचारलं नाही. माझं लक्ष गुडीशेवेवर होतं.

शोरूममध्ये गाडीचे दात मोजता येत नाहीत. तिथला पोरगा मात्र आमचे मोजत होता. किती बजेट, किती डाउन पेमेंट, किती ईएमआय. गाडीत वाळू, चिखल आणि बर्फ यांसाठी वेगवेगळी बटणं होती. मी विचार केला, खाडीची वाळू आपल्याकडे आहे, चिखल तर आहेच, बर्फ लागला तर मासळीबाजारात मिळेल. मग त्याने छताची काच सरकवून आभाळ दाखवलं. आई खालूनच म्हणाली, "छपराला भोक पाडायचे वर पैसे घेता?" गावाकडे प्रत्येक मे महिन्यात कौलं चाळून घेणाऱ्या बाईला हे पटणं अवघडच होतं. आईची स्वतःची परीक्षा वेगळी होती. साडी नेसून, कुणाचा हात न धरता, दुखऱ्या गुडघ्याने चढता आणि उतरता आलं पाहिजे. त्या परीक्षेत दोन भारदस्त गाड्या जागच्या जागी नापास झाल्या. जमिनीपासून उंची हा गुण आहे हे कराच्या कागदालाच ठाऊक, गुडघ्याला नाही.

मग त्याने तारे सांगितले. गाडी आपटून किती सुरक्षित आहे हे पाहतात आणि तारे देतात. २०१८च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी टाटांची नेक्सॉन. ऑक्टोबर २०२३पासून आपल्या देशाची स्वतःचीही भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. समोरून आपटतात ती ताशी ६४ किलोमीटर वेगाने. तारे पाहूनच गाडी घ्यावी, यात विनोद नाही, घरातली माणसं बसायची असतात. विनोद एवढाच, की काल्हेरच्या रस्त्यावर तो ६४चा वेग गाठायचा तर पहाटे तीनचा गजर लावावा लागेल.

चाचणीसाठी गाडी बाहेर काढली. पोरगा म्हणाला, "सर, पिकअप बघा." मी पाय दाबून पिकअप बघायला गेलो, तर समोर पिकअपच उभा होता, कोंबड्यांनी भरलेला. त्याच्यापुढे ट्रेलर, ट्रेलरपुढे पाण्याचा टँकर, टँकरपुढे एक रिक्षा, आणि रिक्षापुढे काय होतं ते देवाला आणि वाहतूक हवालदाराला माहीत. हिमालय चढू शकणाऱ्या त्या गाडीने वीस मिनिटांत चारशे मीटर अंतर कापलं. एसी मात्र उत्तम होता, त्यावर आमच्या घरात एकमत झालं.

आता राहिला भरवसा. त्यावर वॉरंटीचा कागद होता, तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. आमच्या रस्त्यावर आधी काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मी सल्ले गोळा करू लागलो. मेहुणे म्हणाले, "दाजी, इंजिन जपानीच पाहिजे." ऑफिसातल्या एकाने सांगितलं, "लोखंड देशीच पाहिजे." तिसरा म्हणाला, "पहिल्या वर्षीचं मॉडेल कधी घेऊ नका," चौथा म्हणाला, "जुनं मॉडेल घ्याल तर पस्तावाल." एकाने डिझेल घ्या म्हटलं, दुसऱ्याने डिझेल घ्याल तर मला सांगू नका म्हटलं. एक सल्ला मात्र खरोखर उपयोगाचा निघाला. विमा घेताना इंजिनाचं जादा संरक्षण घ्यायचं आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असताना चावी फिरवली, तर पाणी दाबलं जात नाही, आतला लोखंडी दांडा वाकतो. भिवंडीच्या पावसात हे ज्ञान छत्रीइतकंच गरजेचं आहे.

पण भरवशाची कोणती? शेवटी उत्तर मिळालं आमच्या गोदामाच्या दारात. नगरकडचा एक ड्रायव्हर माल उतरेपर्यंत टायरच्या सावलीत तंबाखू मळत बसला होता. वीस वर्षं ट्रक चालवतोय. मी म्हटलं, याला विचारावं. त्याने तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली आणि म्हणाला, "सायेब, ज्या गाडीच्या मालकाकडं लई गोष्टी असत्यात ना, ती गाडी घेऊ नका."

"का बरं?"

"गोष्ट व्हायला गाडी बंद पडावी लागती. चालू गाडीची गोष्ट होत न्हाई."

मी जागच्या जागी उभा राहिलो. कसाऱ्याचा घाट, तो टॉर्च, आत्याचा नवस, सायकलची ट्यूब, सगळं डोळ्यापुढून गेलं. आणि मग माझी छोटी गाडी आठवली. पंधरा वर्षांत तिची एक तरी गोष्ट? मुलीच्या दहावीच्या परीक्षेला नेलं, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं, सासरे वारले त्या रात्री नेलं. प्रत्येक वेळी नेलं आणि आणलं. बस. लग्नात सांगावं असं तिच्याकडे काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. गाड्यांचे मालक गाठायचे आणि एकच विचारायचं, "काय, कशी आहे गाडी?" पहिले गृहस्थ दीड तास बोलले. लडाखच्या वाटेत गिअरबॉक्स रुसला, सुटा भाग तीन आठवड्यांनी आला, तेवढ्यात तिथल्या एका कुटुंबाशी असा घरोबा झाला, की अजून जर्दाळू येतात. सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. गाडीवर त्यांचं खरं प्रेम होतं. मी चहा संपवला आणि यादीतलं नाव खोडलं. दुसऱ्यांच्या गाडीच्या मालकांचा मोबाइलवर मोठा ग्रुप होता, एकमेकांना धीर देण्यासाठी. तेही खोडलं. तिसऱ्यांनी सर्व्हिस सेंटरमधल्या प्रत्येक पोराची नावानिशी ओळख सांगितली, कोणाचं लग्न ठरलं, कोणाला मुलगी झाली. मी आदराने नमस्कार केला आणि खोडलं.

मग आमच्याच इमारतीत सी विंगमध्ये राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले. त्यांच्याकडे पाच वर्षांपासून चार मीटरच्या आतली एक पांढरी गाडी आहे, हे माझ्या तोवर लक्षातही आलं नव्हतं. विचारलं, "कशी आहे गाडी?"

ते गोंधळले. "कशी म्हणजे? चालते."

"काही त्रास?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. चौथा मजला गेला, पाचवा गेला. सहाव्यावर दार उघडलं तेव्हा म्हणाले, "एकदा पंक्चर झाली होती. पण तो खिळा होता."

घरी येऊन मी जाहीर केलं, गाडी ठरली. चिरंजीवांचा चेहरा पडला, कारण तिच्या छताला भोक नव्हतं. आईने विचारलं, कशावरून ठरवलीस? मी ड्रायव्हरचं बोलणं सांगितलं, लिफ्टचं सांगितलं. आई हसली. म्हणाली, "तुझे आजोबा म्हशाला हेच करायचे. त्या गावच्या माणसांना चहा पाजून विचारायचे, अमक्याचा बैल कसा आहे? लोक रंगून सांगायला लागले, की उठायचे. 'कोणता बैल?' असं कुणी विचारलं, तर घ्यायचे."

रात्री झोपताना मला भरवशाच्या म्हशीची म्हण आठवली आणि पहिल्यांदाच त्या म्हशीसाठी वाईट वाटलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण भरवशाची म्हणजे आधीची कित्येक वेतं तिने घर दुधात ठेवलं असणार, मुलं वाढवली असणार, डेअरीचे पैसे आणले असणार. त्याची कुणी म्हण केली नाही. एकदाच टोणगा झाला आणि ती अमर झाली. आमच्या घरीही तसंच. गोष्टी आहेत त्या धाकट्या काकांच्या. दोनदा घर सोडून गेले, एकदा हॉटेल काढलं, एकदा हॉटेल मोडलं. आणि ते हॉटेल मोडल्यावर देणी कोणी फेडली, हे विचारलं तर सगळे जरा थांबतात आणि म्हणतात, "अरे, ती वहिनीने फेडली." वहिनी म्हणजे माझी आई. तिच्याबद्दलचं सगळं बोलणं या एका वाक्यात संपतं.

दसऱ्याला गाडी आली. एमएच ०४, पुढचा नंबर जो आला तो. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आई कुणाचा हात न धरता चढली. पाऊस रेंगाळलेलाच होता, तेव्हा गावी जाऊन आलो. शेवटच्या तीन किलोमीटरांत एकही दगड पोटाला भेटला नाही. जुनी गाडी मुरबाडच्या एका मास्तरांनी नेली, ते खरोखरचे मास्तर आहेत. त्यांनी विचारलं होतं, गाडी कशी आहे. मी म्हटलं, चालते. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

नव्या गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं, तर तुमच्यापैकी कुणाकडे तरी तिची गोष्ट निघेल आणि मला रात्री झोप लागणार नाही. तुम्ही घ्याल तेव्हा कागद पाहा, तारे पाहा, पार्किंग मोजा, आईला चढवून बघा. आणि मग मालकाला एकदा विचारा, कशी आहे. तो बोलायला लागला, की चहा संपवून उठा.

किराणा दुकानाच्या पायरीवरून बाबा अजून अधूनमधून विचारतात, "काय मास्तर, गारी कशी हाय?" त्यांना काहीतरी रंगतदार ऐकायचं असतं. मी दर वेळी मनापासून आठवून बघतो. गाडी येऊन सहा महिने झाले. तिच्याबद्दल सांगण्यासारखं अजून काही नाही.